एक कोटी उघडे कंस : गोच्या पार्सरचा क्रॅश आणि दोनदा झालेली दुरुस्ती

एक फाइल घ्या. पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव. दुसऱ्या ओळीत एक व्हेरिएबल, बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे डावा कंस. एकच नाही, एक कोटी डावे कंस, मध्ये जागा न सोडता. उजवा कंस एकही नाही. एका कंसाला एक बाइट धरला तर ही फाइल जेमतेम दहा एमबीची होते. मोबाइलवरचे दोन-तीन फोटो एवढी जागा सहज खातात.

हा गो या प्रोग्रामिंग भाषेतला वैध प्रोग्राम नाही, हे कुणीही सांगेल. पार्सरकडून, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागाकडून, इथे अपेक्षा एवढीच, की 'कंस बंद झालेला नाही' असं सांगून त्याने थांबावं. जुलै २०२२ पूर्वीच्या गोमध्ये स्टँडर्ड लायब्ररीतला, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडमधला, पार्सर हे सांगू शकत नव्हता. तो कोसळायचा, आणि ज्या प्रोग्रामने त्याला बोलावलं होतं तो अख्खा प्रोग्राम सोबत घेऊन कोसळायचा. या दोषाला सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२२-१९६२ हा क्रमांक मिळाला. १२ जुलै २०२२ ला आलेल्या १.१७.१२ आणि १.१८.४ या आवृत्त्यांमध्ये तो दुरुस्त झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच पार्सरमध्ये त्याच जातीचा दोष पुन्हा सापडला, सीव्हीई-२०२४-३४१५५ या क्रमांकाने.

पहिली दुरुस्ती काळजीपूर्वक केलेली होती. चाचण्यांची यादी लांबलचक होती. तरीही एक वाट उघडी राहिली. ती का राहिली, हे समजून घेण्यासाठी मी हे प्रकरण लिहितो आहे. पार्सर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही वाट कधी ना कधी भेटते.

कोणता पार्सर?

गोमध्ये पार्सर दोन आहेत. कंपायलरचा स्वतःचा एक, त्याच्या आतल्या सिंटॅक्स पॅकेजमध्ये. दुसरा स्टँडर्ड लायब्ररीतला, 'गो/पार्सर' या नावाचा, कुणीही आयात करून वापरावा असा. कोड नीट लावून देणारं गोफम्ट, एडिटरला सूचना पुरवणारं गोप्लीज, चुका शोधणारी साधनं, कोडमधून कोड तयार करणारी साधनं, सगळी या दुसऱ्यावर उभी आहेत. हे प्रकरण या दुसऱ्याचं.

हा फरक महत्त्वाचा आहे. कंपायलर सहसा आपलाच कोड वाचतो. तो कोसळला तर आपण पुन्हा चालवतो. लायब्ररीतला पार्सर मात्र परक्याचा कोड वाचायला बसवलेला असतो. कुणी वेबवर कोड पाठवला की तो नीट लावून परत देणारी सेवा असेल, भांडारात आलेला प्रत्येक बदल तपासणारी यंत्रणा असेल, तिथे कोड कुणाचा आणि कोणत्या हेतूने आला हे ठाऊक नसतं. एडिटरचं तर वेगळंच आहे. माणूस टाइप करत असताना कोड बहुतेक वेळ अवैधच असतो: अर्धं वाक्य, न मिटलेला कंस, अडकलेलं अवतरणचिन्ह. अशा पार्सरचं रोजचं काम अवैध कोड वाचणं हेच आहे.

आणि ते काम हा पार्सर उत्तम करत होता. अपेक्षित टोकन, म्हणजे कोडमधला शब्द किंवा चिन्ह, मिळालं नाही की तो चूक नोंदवतो आणि वाक्यरचनेच्या झाडात 'बॅड-एक्सप्र' किंवा 'बॅड-स्टेटमेंट' अशी जागा राखणारी गाठ ठेवून पुढे सरकतो. पुढचं ओळखीचं ठिकाण, म्हणजे एखादं 'फॉर', 'इफ' किंवा 'रिटर्न', सापडेपर्यंत टोकनं गिळत जातो आणि तिथून वाचन पुन्हा सुरू करतो. एकाच जागी अडकून गोल फिरत राहू नये म्हणून तो मोजतोही: त्याच ठिकाणी दहा वेळा येऊन प्रगती झाली नसेल तर निदान एक टोकन गिळायचंच. एकाच ओळीवरच्या पाठोपाठच्या चुका तो वगळतो, कारण पहिली खरी असते आणि बाकीच्या बहुधा तिचे पडसाद. दहाच्या वर चुका झाल्या की 'बेलआउट' नावाचा पॅनिक, म्हणजे काम मध्येच तोडणारी चूक, उचलतो, आणि सर्वांत वरच्या पायरीवरचा रिकव्हर, म्हणजे पॅनिक झेलणारी गोची सोय, तो पकडून जमलेल्या चुकांची यादी परत देतो.

इतकी तटबंदी असूनही उघड्या कंसांची एक ओळ त्याला पाडायची.

कंस म्हणजे पायरी

हा पार्सर रिकर्सिव्ह डिसेंट पद्धतीचा आहे. व्याकरणातल्या प्रत्येक नियमासाठी एक फंक्शन, आणि नियमात दुसरा नियम आला की त्या फंक्शनला हाक. कंस दिसला की काय होतं ते पाहा. कंस ओळखतं पार्स-ऑपरंड. आत पुन्हा पूर्ण एक्स्प्रेशन, म्हणजे किंमत देणारी रचना, असणार म्हणून ते बोलावतं पार्स-आरएचएसला. ते पार्स-एक्सप्रला, ते पार्स-बायनरी-एक्सप्रला, ते पार्स-युनरी-एक्सप्रला, ते पार्स-प्रायमरी-एक्सप्रला, आणि ते पुन्हा पार्स-ऑपरंडला. सहा हाका, आणि आपण निघालो तिथेच, फक्त स्टॅकवर, म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या हाका लक्षात ठेवणाऱ्या जागेत, सहा चौकटी खोल.

आपल्याकडच्या पायऱ्यांच्या बारवेसारखं आहे हे. प्रत्येक डावा कंस एक पायरी खाली नेतो, प्रत्येक उजवा एक पायरी वर आणतो. वैध कोडमध्ये उतरलं तेवढं चढणं ठरलेलंच. न मिटलेल्या कंसांच्या कोडमध्ये फक्त उतरणं आहे, आणि काहीतरी चुकलंय हे कळतं फाइल संपल्यावर, सर्वांत खालच्या पायरीवर. अवैध कोडचा हा प्रकार इतर प्रकारांपेक्षा वाईट आहे तो यामुळे. 'इफ'नंतर अट हवी असताना स्वल्पविराम आला तर चूक त्याच क्षणी हाती लागते. उघड्या कंसांमध्ये मात्र प्रत्येक टोकन त्या-त्या क्षणी अगदी योग्य असतं. डाव्या कंसानंतर डावा कंस येऊच शकतो. त्यामुळे चुका सावरण्याची जी यंत्रणा मी वर सांगितली, तिच्यापर्यंत गोष्ट पोचतच नाही. तिला जागं करणारी चूक घडण्याआधीच स्टॅक संपतो.

रिकव्हर का वाचवत नाही

गो जाणणाऱ्या माणसाची पहिली प्रतिक्रिया असते: क्रॅश म्हणजे पॅनिक, पॅनिक म्हणजे रिकव्हर, मग सेवेच्या प्रत्येक विनंतीभोवती रिकव्हर लावला की झालं. इथे ते चालत नाही.

गोरूटीनचा, म्हणजे गोमध्ये समांतर चालणाऱ्या हलक्या कामाचा, स्टॅक छोटा सुरू होतो. गो १.४ पासून त्याचा किमान आकार दोन केबीचा असतो. जागा कमी पडली की रनटाइम, म्हणजे प्रोग्रामसोबत चालणारी गोची यंत्रणा, दुप्पट आकाराचा नवा स्टॅक घेतो, जुना मजकूर त्यात उचलून ठेवतो आणि काम पुढे चालू ठेवतो. म्हणूनच लाखो गोरूटीन परवडतात. या वाढीला एक कमाल मर्यादा आहे: ६४ बिटांच्या यंत्रावर १ अब्ज बाइट, ३२ बिटांवर २५ कोटी. ती ओलांडायची वेळ आली की रनटाइम 'फेटल एरर' देतो: गोरूटीनचा स्टॅक १००००००००० बाइटच्या मर्यादेपलीकडे गेला, स्टॅक ओव्हरफ्लो. हा पॅनिक नव्हे. याला रिकव्हर लागू पडत नाही. एका गोरूटीनमध्ये घडलं तरी संपूर्ण प्रोसेस संपते. त्या क्षणी इतर हजार जणांच्या विनंत्या चालू असतील तर त्याही गेल्या.

या आकड्यात एक बारकावा आहे. स्टॅक दुपटीने वाढतो, म्हणजे त्याचे आकार दोनाच्या घातांत असतात. ५१२ एमबीनंतरची पायरी १,०७३,७४१,८२४ बाइटची, आणि ती १ अब्जाच्या पुढे जाते. म्हणजे खरी वापरता येणारी जागा ५१२ एमबीच, साधारण ५३.७ कोटी बाइट. मर्यादेचं गणित मांडताना हाच आकडा धरायला हवा, कागदावरचा अब्ज नव्हे.

पहिली दुरुस्ती

दोष कळवला होता मॅटरमोस्ट या कंपनीतल्या एका संशोधकाने. १२ जुलैच्या त्याच आवृत्त्यांमध्ये एक्सएमएल वाचणारा कोड, गॉब डीकोडर, जीझिप वाचक आणि फाइलनावांचे नमुने जुळवणारा ग्लोब यांच्यातलेही स्टॅक संपवणारे दोष दुरुस्त झाले. म्हणजे दोष एका फाइलपुरता नव्हता. परक्याने दिलेल्या मजकुरावर रिकर्शन करायचं, म्हणजे फंक्शनने फिरून स्वतःलाच हाक मारायची, आणि खोली मोजायची नाही, ही सवय ठिकठिकाणी होती. जेसॉनच्या पॅकेजमध्ये मात्र गो १.१५ पासूनच दहा हजारांची मर्यादा होती.

पार्सरमधली दुरुस्ती दिसायला छोटी आहे. पार्सरच्या रचनेत एक नवा आकडा ठेवला, खोली दाखवणारा. त्यासोबत दोन छोटी फंक्शनं. पहिलं आकडा एकाने वाढवतं, आणि तो १,००,००० च्या पुढे गेला की 'कमाल खोली ओलांडली' अशा अर्थाची चूक नोंदवून बेलआउट पॅनिक उचलतं. दुसरं आकडा एकाने कमी करतं. वापर एका ओळीत:

डिफर डेक-नेस्ट-लेव्ह(इंक-नेस्ट-लेव्ह(पी))

गोमध्ये डिफर केलेल्या हाकेचे अर्ग्युमेंट्स लगेच मोजले जातात, हाक मात्र फंक्शनमधून बाहेर पडताना जाते. म्हणून आतलं 'वाढव' फंक्शनमध्ये शिरताना चालतं आणि बाहेरचं 'कमी कर' निघताना. या पार्सरमध्ये माग दाखवणारी हीच युक्ती आधीपासून वापरात होती, ट्रेस आणि अन या जोडीची. दुरुस्तीने घरातलाच वळसा उचलला, त्यामुळे वाचणाऱ्याला नवं काही शिकावं लागत नाही. चूक कळवण्यासाठीही जुनाच बेलआउट वापरला. वरचा रिकव्हर तो आधीपासून पकडत होताच. जो फेटल एरर होता तो आता साधी, पकडता येणारी, ओळक्रमांकासह छापता येणारी चूक झाला. एक कोटी कंसांची फाइल दिली तर पार्सर साधारण लाखाव्या कंसापाशी थांबतो आणि तसं सांगतो.

ही ओळ कुठे कुठे लावायची, हा खरा प्रश्न होता. ती चार ठिकाणी लागली. पार्स-युनरी-एक्सप्रमध्ये, कारण एक्स्प्रेशन वाचणाऱ्या हाकांची वर्तुळं तिथून जातात. ट्राय-आयडेंट-ऑर-टाइपमध्ये, कारण प्रकारांची (टाइपची) वर्तुळं, म्हणजे अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे, चॅनेलच्या आत चॅनेल, तिथून जातात. पार्स-स्टेटमेंटमध्ये, एकात एक ब्लॉकसाठी. आणि पार्स-इफ-स्टेटमेंटमध्ये, वेगळी. ही चौथी जागा मला फार आवडते. 'इफ'च्या आतला ब्लॉक पार्स-स्टेटमेंटमधून जातो, मग 'इफ'ला वेगळी चौकी कशाला? कारण 'एल्स इफ' दिसलं की पार्स-इफ स्वतःलाच थेट हाक मारतं, मधल्या चौकीवर न जाता. लाखभर 'एल्स इफ'ची साखळी डोळ्यांना खोल दिसत नाही, ती लांब दिसते. स्टॅकला मात्र ती खोलच असते. ज्याने ही जागा पाहिली त्याने फंक्शनांची यादी न बघता हाकांची वाट बघितली होती.

लूपमधून उगवणारी खोली

या दुरुस्तीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग अजून पुढे आहे.

पार्स-प्रायमरी-एक्सप्र एका लूपमध्ये चालतं. 'एक्स.ए.ए.ए.ए' अशी ठिपक्यांची साखळी असो, 'एफ()()()()' अशा हाका असोत, ते रिकर्शन करत नाही. एक ठिपका वाचला, झाडात एक गाठ घातली, पुढचा ठिपका वाचला, आधीचं सगळं नव्या गाठीच्या आत ठेवलं. स्टॅक जराही वाढत नाही. पार्स-बायनरी-एक्सप्रचंही तसंच: १+१+१+१ अशी बेरीज लूपमध्येच वाचली जाते. मग इथे मोजायची गरज काय?

गरज आहे, कारण तयार होणारं झाड खोल असतं. दहा लाख बेरजांची ओळ वाचताना पार्सर शांत राहतो, पण हाती येतं ते डावीकडे कललेलं दहा लाख पातळ्यांचं झाड. त्यानंतर जो कुणी ते झाड चालत जाईल तो रिकर्शननेच चालेल. आणि पहिला चालणारा पार्सरच्या दारातच उभा असतो. पार्स-फाइल संपण्याआधी, ठरवून बंद केलं नसेल तर, ऑब्जेक्ट रिझोल्यूशन नावाची पायरी होते. कोणतं नाव कोणत्या घोषणेकडे बोट दाखवतं हे ती ठरवते, आणि त्यासाठी झाडाची फेरी मारते. पार्सर सुखरूप सुटला, पण त्याने मागे ठेवलेल्या झाडावर दुसरा पडला.

म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनी या दोन फंक्शनांमध्ये मोजणी दारात न ठेवता लूपच्या आत ठेवली. प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो आणि फंक्शन संपताना जितक्या फेऱ्या झाल्या तितका एकदम कमी होतो. तिथल्या टिप्पणीत कारण स्पष्ट लिहिलं आहे: हे फंक्शन लूपमधूनही एकात एक रचना तयार करू शकतं, आणि आपल्याला तयार होणाऱ्या रचनेची खोली मर्यादित ठेवायची आहे. मोजायची वस्तू बदलली. स्टॅकची खोली आणि निकालाची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पार्सरने दोन्हींची हमी द्यायला हवी. बहुतेक पार्सर पहिलीवर थांबतात.

रिझोल्यूशनच्या पायरीला याशिवाय स्वतःची एक मर्यादा मिळाली: एकात एक स्कोप (नाव जिथे ओळखलं जातं ती हद्द) जास्तीत जास्त १,०००. प्रत्येक ब्लॉक एक नवा स्कोप उघडतो, म्हणून हजारांहून जास्त ब्लॉक एकात एक घातले तर पार्सर ते वाचतो, रिझॉल्व्हर नकार देतो.

लाखच का?

सी भाषेच्या १९९९ च्या मानकाने कंपायलरकडून किमान अपेक्षा ठेवली ती एका एक्स्प्रेशनमध्ये ६३ पातळ्यांच्या कंसांची आणि १२७ पातळ्यांच्या ब्लॉकची. क्लँग कंपायलर मुळात २५६ पातळ्यांचे कंस मान्य करतो आणि हवं तर पर्याय देऊन ही मर्यादा वाढवता येते. पायथनचा टोकनायझर २०० एकात एक कंसांनंतर 'कंस फार झाले' म्हणतो. त्यापुढे गोचा एक लाख हा आकडा अवाढव्य वाटतो.

माझ्या मते तो योग्य आहे, आणि कारण वरच्या लूपमध्येच आहे. क्लँग आणि पायथन मोजतात ते कंस. माणूस असो की यंत्र, २०० कंस एकात एक सहसा कुणी लिहीत नाही. गो मात्र बेरजेची साखळीही त्याच आकड्यात मोजतो. यंत्राने तयार केलेल्या कोडमध्ये हजारो तुकड्यांची मजकुराची बेरीज सापडणं मुळीच अशक्य नाही. तिथे २५६ ची मर्यादा लावली असती तर काल चालणारा वैध कोड आज मोडला असता, तोही सुरक्षेच्या छोट्या आवृत्तीत, जिथे लोक डोळे मिटून अपडेट करतात. दुसऱ्या बाजूला ५१२ एमबी भागिले एक लाख, म्हणजे प्रत्येक पातळीला ५,३६८ बाइट. एका कंसाच्या सहा चौकटींना एवढी जागा पुरते. आकडा खालून वैध कोडला आणि वरून स्टॅकला स्पर्श करत नाही.

त्याला मर्यादा आहेतच. कोडमधली एक पातळी कधीकधी मोजणीत दोनदा धरली जाते, त्यामुळे चाचण्यांमध्ये काही रचनांसोबत एक गुणक ठेवावा लागला. वॅसमवर (वेबअसेंब्ली, ब्राउझरमध्ये कोड चालवायचं स्वरूप) स्टॅक गोच्या रनटाइमच्या हातात पूर्णपणे नसतो, आणि तिथे ही खोलीची चाचणी वगळलेली आहे.

राहिलेली वाट

चाचणीची बांधणी सुरेख आहे. प्रत्येक रचनेचा एक साचा, त्यात पुन्हा पुन्हा येणारा भाग खुणांमध्ये. चाचणी तो भाग मर्यादेच्या आत बसेल इतक्या वेळा लिहिते आणि पार्सर मुकाट वाचतो हे तपासते. मग मर्यादेपलीकडे लिहिते आणि योग्य चूक येते हे तपासते. साच्यांमध्ये अ‍ॅरे, स्लाइस, मॅप, चॅनेल, ठिपके, कंस, नकार, बेरीज, इफ, एल्स, स्विच, फॉर, सिलेक्ट सगळं आहे. स्लाइसचं, म्हणजे यादीसारख्या प्रकाराचं, लिटरलही (किंमत थेट कोडमध्ये लिहिण्याची रीत) आहे, एकात एक.

इथेच ती वाट आहे. त्या साच्यात प्रत्येक पातळीवर प्रकार लिहिलेला होता: 'कशाचीही स्लाइस', मग महिरपी कंस, त्यात पुन्हा 'कशाचीही स्लाइस', महिरपी कंस. आतला प्रत्येक घटक प्रकाराच्या नावाने सुरू होतो, म्हणून तो साधं एक्स्प्रेशन म्हणून वाचला जातो, आणि एक्स्प्रेशन पार्स-युनरी-एक्सप्रच्या चौकीवरून जातं. मोजलं गेलं.

गोमध्ये आतला प्रकार गाळताही येतो. बाहेर एकदा लिहिला की आत नुसते महिरपी कंस चालतात. आता हाकांची वाट बघा. पार्स-लिटरल-व्हॅल्यू बोलावतं पार्स-एलिमेंट-लिस्टला. ते पार्स-एलिमेंटला. ते पार्स-व्हॅल्यूला. पार्स-व्हॅल्यू पुढचं टोकन बघतं: डावा महिरपी कंस असेल तर थेट पार्स-लिटरल-व्हॅल्यू, नसेल तरच पार्स-एक्सप्र. म्हणजे नुसते महिरपी कंस एकात एक असतील तर हे चार फंक्शनांचं वर्तुळ आपल्या आपल्यात फिरतं. युनरीच्या चौकीला ते शिवतही नाही. एक लाख असो की एक कोटी, मोजणारा आकडा जागचा हलत नाही.

एखादा म्हणेल, प्रकार गाळायचा तर तो बाहेर तितक्याच खोलीचा लिहावा लागेल, स्लाइसची स्लाइसची स्लाइस, आणि ती तर प्रकारांच्या चौकीवर मोजली जाईल. हे दोन कारणांनी खरं नाही. एक, पार्सरला प्रकार कळत नाहीत. आतल्या कंसाशी बाहेरचा प्रकार जुळतो का हे नंतरची पायरी तपासते. पार्सर आंधळेपणाने उतरत जातो. जो कोड कधीच कंपाइल होणार नाही, तोही त्याला पूर्ण वाचावा लागतो. दोन, गोमध्ये 'टी म्हणजे टीचीच स्लाइस' असा स्वतःकडे वळणारा प्रकार वैध आहे. एका ओळीत तो घोषित करा, मग टी नंतर हवे तितके महिरपी कंस एकात एक लिहा. अगदी शुद्ध, टाइपचेकरला मान्य असलेला कोड, आणि प्रकाराची खोली फक्त एक.

५ सप्टेंबर २०२४ ला १.२२.७ आणि १.२३.१ या आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती आली. पार्स-लिटरल-व्हॅल्यूच्या पहिल्या ओळीवर तीच जुनी डिफरची ओळ, आणि चाचणीत एक नवा साचा: स्ट्रक्टच्या आत घटक, घटकात नुसते महिरपी कंस. पहिल्या दुरुस्तीनंतर दोन वर्षं आणि जवळजवळ दोन महिने.

वर्तुळं मोजायची

चाचण्यांची यादी भाषेच्या रचनांवरून केली होती: भाषेत काय काय एकात एक घालता येतं? प्रश्न चांगला आहे, पण एकच रचना दोन वाटांनी वाचली जाऊ शकते, आणि रचनांची यादी दुसरी वाट दाखवत नाही. दोष राहतो तो हाकांच्या आलेखात. म्हणून विचारायचा प्रश्न असा: चौकी लावलेली सगळी फंक्शनं आलेखातून पुसून टाकली तर उरलेल्या फंक्शनांमध्ये एखादं वर्तुळ शिल्लक राहतं का? राहिलं तर ती उघडी वाट. नाही राहिलं, तर कोणताही मजकूर, वैध वा अवैध, मोजल्याशिवाय खोल जाऊच शकत नाही. २०२२ च्या दुरुस्तीला हा प्रश्न विचारा. युनरी, टाइप, स्टेटमेंट आणि इफ पुसा, आणि लिटरल-व्हॅल्यू, एलिमेंट-लिस्ट, एलिमेंट, व्हॅल्यू हे चौघं हातात हात घालून उभे दिसतात.

ही तपासणी साध्या कागदावर होते. हाकांचा आलेख काढणारी साधनंही आहेत, पण पार्सरची फंक्शनं सहसा शंभराच्या आसपास असतात आणि पेन्सिल पुरते. लूपमधून उगवणारी खोली मात्र या आलेखात दिसत नाही. ती वेगळी शोधावी लागते: जिथे जिथे लूपमध्ये आधीची गाठ नव्या गाठीच्या पोटात जाते, तिथे खूण करायची.

हिशेबाची सूत्रं वाचणारा एक छोटा पार्सर मी लिहिला आहे, जेमतेम वीस फंक्शनांचा. खोलीची मोजणी त्यात होती, कंस वाचणाऱ्या फंक्शनमध्ये, आणि एक कोटी उघड्या कंसांवर तो नीट चूक दाखवून थांबायचा. हे प्रकरण वाचल्यावर त्याचा आलेख कागदावर काढला आणि कंसाचं फंक्शन खोडलं. एक वर्तुळ राहिलं, एकाच फंक्शनचं: उणे चिन्ह वाचणारं फंक्शन पुढेही उणे चिन्ह असेल म्हणून स्वतःलाच हाक मारत होतं. एक कोटी उणे चिन्हांची ओळ दिली आणि प्रोसेस गेली. मोजणी आता त्या फंक्शनमध्येही आहे, आणि चाचणीत उण्यांची ती ओळ कंसांच्या ओळीच्या खाली लिहिलेली आहे.